गोपिकाबाईंनी ओळखलेलं निळं फूल

माझ्या सासूबाई गोपिकाबाई नरखेड तालुक्यातल्या. घरच्या संत्र्याच्या बागेत निंदण करण्यात, तण उपटण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. मागच्या ऑगस्टमध्ये माझ्या नवऱ्याची सुट्टी ऐनवेळी रद्द झाली आणि त्याच्या जागी सासूबाईच आमच्या नागपूरच्या ट्रेकिंग ग्रुपसोबत हिमाचलात आल्या. उंचावरच्या खिंडीपर्यंत दिसतील ती रानफुलं ओळखून त्यांची यादी करायची, एवढंच काम होतं.

खिंडीखाली दगडांच्या कपारीत एक काटेरी झाड दिसलं. फुलं गळून गेलेली, नुसती बोंडं उरलेली. ग्रुपचे म्होरके धर्मेंद्र सर फोटोसाठी मोबाइल काढेपर्यंत सासूबाईंनी हाताला पदर गुंडाळून ते बुडाशी धरलंसुद्धा. उपटणारच होत्या. हाताची सवय, दुसरं काय!

"काकू! इथं पानही तोडायचं नसतं," सर कडाडले. "उद्या तुम्ही तंबूतच थांबा. खिंडीत यायचं नाही."

सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. मी चकार शब्द काढला नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

सरांनी वहीत लिहिलं, 'उंटकटाऱ्याच्या कुळातलं.'

"नाही जी," सासूबाई हळूच म्हणाल्या. "हे पिवळ्या धोतऱ्याचं खानदान हाय. बोंड पाहा ना, वरच्या टोकालेच उकललं. उंटकटाऱ्याले असं बोंड कुठं राह्यते? जिंदगीभर हेच तं उपटून राहिलो मी."

"बारा हजार फुटांवर शेतातला धोतरा?" सर हसले. बाकीचेही हसले.

आता मात्र माझं डोकं फिरलं. "सर, त्या म्हणतात तेही लिहा," मी म्हणाले. वाद नको म्हणून त्यांनी कडेला लिहून घेतलं.

तासाभरानं, आणखी वर, तसंच एक झाड भेटलं. हे उशिरा फुललेलं. निळ्याशार चार पाकळ्या, मधे पिवळे केसर, आणि तेच काटे, तीच बोंडं. सरांनी पुस्तक उघडलं, बराच वेळ पानं चाळली. फूल होतं हिमालयातली निळी अफू. पिवळा धोतरा त्याच कुळातला.

सरांनी स्वतःची नोंद खोडली. "चुकलो, काकू. उद्या खिंडीत तुम्ही पुढं चला."

दुसऱ्या दिवशी खिंडीत पुण्याचा एक ग्रुप भेटला. प्रत्येक फुलाशी सर सासूबाईंना विचारतायत हे पाहून त्यांच्यातल्या एकीनं मला विचारलं, "या कुठल्या कॉलेजात शिकवतात?"

"कॉलेजात नाही, बागेत निंदण करतात," मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. "माझ्या सासूबाई आहेत."