आपल्या म्हणजे कोणाच्या?

आमच्या मेहकरच्या कॉलेजात मी अर्थशास्त्राची एक वही तयार केली. धड्याचा सांगाडा छापलेला: अर्धी वाक्यं, अपुऱ्या आकृत्या, मधे मोकळ्या ओळी. मी शिकवायचं, मुलांनी ऐकत भरायचं. नाहीतर उतरवून घेण्यातच तास संपतो. कॉलेजनं तिचं प्रकाशन ठरवलं. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन. प्रमुख पाहुण्यांनी वही उघडली, मोकळ्या ओळी पाहून माझ्या कानात विचारलं, "छपाई राह्यली का थोडी?" आणि माईकवर जाऊन तिला "सखोल ग्रंथ" म्हणाले.

वर्गात डोणगावची एक मुलगी होती. वडिलांचं बांगड्यांचं दुकान. दुसऱ्या वर्षाच्या याच विषयात तिचा बॅक राहिला होता आणि वडिलांनी बजावलं होतं: या खेपेला विषय निघाला तर तिसरं वर्ष, नाही तर दुकान. पाठांतर ती इमानदारीनं करायची. पेपरात एक ओळ निसटली की पुढचं सगळं जायचं.

प्रत्येक धड्याच्या शेवटी मी एक चौकट ठेवली होती: "आपल्या शब्दांत लिहा." पहिल्या धड्याच्या वह्या तपासल्या, तर सगळ्या वर्गाचा मजकूर एकच. माझा. बोलताना मी घातलेलं 'म्हणजे बघा'सुद्धा.

"हे तर माझे शब्द आहेत," मी वर्गात म्हणालो.

"मग?" ती म्हणाली. "आपल्या म्हणजे तुमच्याच ना, सर? मोठ्या माणसाले आपणच म्हणतात."

मागच्या बाकावरचा एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "अबे, सरले कोणी 'तुझ्या' म्हणीन का!"

वर्ग हसला. व्याकरण त्यांच्या बाजूनं होतं. सगळ्यांना पेन काढायला लावून मी दुरुस्ती सांगितली: "तुझ्या शब्दांत लिही."

पुढचा धडा मागणीच्या लवचिकतेचा, म्हणजे भाव वाढला की मागणी किती घटते त्याचा. तिच्या चौकटीत होतं: "लग्नसराईत बांगड्याईचा भाव वाढवला तरी बाया घेतातच. एरवी वाढवला त पुढच्या दुकानात जातात. म्हणून लग्नात मागणी ताठ."

पुस्तकात याला 'अलवचिक' म्हणतात. मला 'ताठ' जास्त आवडला. पण पेपर कोण तपासणार, कुठला असणार, कोणाला माहीत? वऱ्हाडी दिसली की विषयच कळला नाही, असं समजणारे विद्वान मी पाहिले आहेत. तास संपल्यावर तिला थांबवलं.

"उत्तर बरोबर आहे. पेपरात मात्र 'अलवचिक' लिही."

"अन् तो शब्द आठवला नाही त?"

"बांगड्या आठव. मागून शब्द येईल."

"अन् नाहीच आला त?"

"तर बांगड्याच लिही," मी म्हणालो. माझ्या या हमीला विद्यापीठात काडीची किंमत नव्हती, हे सांगितलं नाही.

नंतर तिच्या काही चौकटी साफ चुकल्या. पण त्या चुका तिच्या स्वतःच्या होत्या. दिसत होत्या, म्हणून दुरुस्त करता येत होत्या. पाठ केलेल्या वाक्यांत मला त्या कधीच सापडल्या नसत्या. निम्मा वर्ग एकमेकांच्या चौकटी उतरवत होता, तेही खरं.

पेपर देऊन बाहेर आली तेव्हा म्हणाली, "शब्द आला सर. उशिरा आला, पण आला."

निकाल लागला. विषय निघाला, काठावर. दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिच्यासोबत कॉलेजात आले.

"पोरीनं काढला विषय," तक्रार करावी तसं ते म्हणाले. "दुकानाले आता दुसरा माणूस पाहा लागते."

"अब्बा, आधी फॉर्मचं विचारा ना."

"हाव, हाव. तिसऱ्या वर्षाचा फॉर्म कुठं भेटते, सर?"

मी ऑफिसची खिडकी दाखवली. ती बंद होती.

"उघडीन ना?" त्यांनी विचारलं.

"उघडते," मी म्हणालो. मुलगी तोवर खिडकीपुढे पहिली जाऊन उभी राहिली होती.