संमतीपत्राची शिकवणी

आमच्या बेडसे गावात संमतीपत्र हा शब्द जमिनीचा. शहरातला कोणी बंगल्यासाठी जागा बघायला आला, की एजंटाच्या बॅगेतून पहिला हाच कागद निघतो. आता हे त्या नव्या डॉक्टरीणबाईला कोण सांगणार? तिने शाळेच्या व्हरांड्यात बायका जमवल्या आणि पहिलंच वाक्य टाकलं, "मावशी, आधी संमतीपत्रावर सह्या करू या." दोन मिनिटांत व्हरांडा रिकामा. एकीला चुलीवरचं दूध आठवलं, एकीला म्हैस. एक तर काही न आठवताच उठून गेली.

मी समोरच बसलो होतो. हसलो. बायको गेल्याला दीड वर्ष झालं, एवढ्या मोठ्याने त्यानंतर हसलो नव्हतो.

बाई तडक माझ्याकडे आली. "आबा, हसायला काय झालं?"

"तुमी जमीन घ्यायला आलाय का?"

"नाही हो! मी डॉक्टर आहे. कॉलेजात शिकवते."

"मग जमिनीचा कागद कशाला काढला?"

तेव्हा तिने सगळं सांगितलं. पुण्याच्या मेडिकल कॉलेजात नुकतीच लागलेली. चुलीच्या धुराने बायकांचा दम किती कमी होतो, ते नळीत फुंकायला लावून मोजायचं होतं. पण तिच्यावर एक मोठ्या मॅडम होत्या, नव्या मास्तरांना संशोधन शिकवणाऱ्या. पुढच्या आठवड्यात त्या स्वतः बघायला येणार. हिला लोकांना नीट समजावता आलं नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार. सांगताना बाईचं नाक लाल झालं. मला वाटलं, एवढी पुस्तकं वाचली, तरी हिची परीक्षा काही संपेना.

मी चौथी नापास. पण म्हटलं, "मला गावातली बाई समजा आन् सांगा समजावून."

मग रोज दुपारी शिकवणी. ती कागद धरून वाचायची, "सदर अभ्यासातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून..."

"थांबा. ऐच्छिक म्हंजी?"

"तुमची इच्छा असेल तरच."

"मग तसं म्हणा की."

"आबा, कमिटीने पास केलेले शब्द आहेत."

"मग कमिटीलाच लावा फुंकायला."

ती रागवायची, आणि वहीत लिहूनही घ्यायची. शेवटी ठरलं, कागद आहे तसा वाचायचा आणि मग आपल्या बोलीत सांगायचा.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात तरी उपचार थांबणार नाहीत. का नको, तेही सांगायची गरज नाही."

मला दुसराच एक कागद आठवला. माझी घरची भुशीच्या धरणावर भजी तळायची, मी कांदे कापायचो. शेवटी तिची छाती कामातून गेली. दवाखान्यात माझ्यापुढे तिच्या उपचाराचा कागद आला, करा सही. मी केली. ती शेजारी खाटेवर जागी होती, माझ्याकडे बघत होती. तिला कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

हे बाईला सांगितलं. तिने धीर वगैरे दिला नाही, बरं झालं. वही मिटून विचारलं, "त्यांना विचारलं असतं, तर काय म्हणाल्या असत्या?"

"घरी चला म्हणली असती."

मग मॅडमचा दिवस आला. मॅडम पहिलीच्या पोरांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. कागद आदल्या दिवशीच घरोघर दिले होते. बाई उभी राहिली. "याचं नाव संमतीपत्र आहे, पण तुमच्या सातबाऱ्याशी याचा काही संबंध नाही." बायका खळखळून हसल्या. मग तिने कागद वाचला आणि आपल्या बोलीत समजावलाही. एकेक येऊन सही करू लागली. मीच पास झाल्यासारखा मान डोलवत होतो.

मग माझ्या भावजयीची पाळी आली. मागून माझा धाकटा भाऊ म्हणाला, "कर की सही. बाई चांगल्या हायेत."

"मला न्हाई करायची."

"का गं?"

"का ते सांगायची गरज न्हाई. कागदातच लिवलंय."

बाईचा चेहरा पडला. तिने मॅडमकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हळूच म्हणालो, "गेलं बगा तुमचं काम." पण ती सावरली. "बरोबर आहे, मावशी. बसा, चहा घेऊन जा," म्हणाली, आणि भावजयीचा कोरा कागद बाजूला ठेवला.

मॅडम कशाबशा बाकातून सुटल्या. "सगळ्याच सह्या करत होत्या, तेव्हा मला भीती वाटत होती," त्या बाईला म्हणाल्या. "कुणीतरी समजून नाही म्हणायला हवं होतं. काम तुझ्याकडेच राहील."

बाईने तिथेच डोळे पुसले. भावजय बशीत चहा ओतून निवांत पीत होती. भाऊ मात्र माझ्यावर तणतणला, "तुज्या शिकवणीपायी माजी बायको चारचौघांत उलट बोलाय लागली."

"बोलती हाय तवर ऐक," मी म्हणालो.