अक्कांची परात

सात कुत्री एका परातीभोवती बसवायची आणि आपण सांगेपर्यंत एकानंही तोंड घालायचं नाही, असं करून दाखवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या गल्लीतल्या अक्का. बिडीची पानं कापायच्या कात्रीनं परातीच्या कडेवर तीनदा टण् टण् टण् केलं की जिथं असतील तिथून कुत्री धावत यायची आणि गोल करून बसायची. मग अक्का बोट दाखवून मोजायच्या, "ओकटी, रेंडू, मूडू..." सातावर आल्या की म्हणायच्या, "तिनंडी." तेलुगूत म्हणजे "जेवा". 'जेव' नव्हे हं, 'जेवा'. बिडी कारखान्याच्या मुकादमाला तोंडावर अरे-तुरे करणारी ही बाई कुत्र्यांना मात्र अहो-जाहो करायची.

एखादं कमी भरलं तर बाकीच्यांना थांबावं लागायचं. लाळ गळायची, पण जागचं हलायचं नाही कुणी. "सगळी आल्याबिगर तोंड घालायचं न्हाय. माणसाला कळत न्हाय, यांना कळतंय," असं अक्का म्हणायच्या.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट सांगते आहे. सोलापूरच्या पूर्व भागातली आमची गल्ली, बरीचशी तेलुगू विणकरांची, दिवसभर मागांची खटखट. अक्कांचे यजमान मागावरच असायचे, ते लवकर गेले. मूलबाळ नाही. दारात सूप मांडीवर घेऊन अक्का बिड्या वळत बसायच्या आणि संध्याकाळी कारखान्यात बिड्या देऊन परतताना घराघरांतून उरलंसुरलं गोळा करायच्या. भाताची पेज, भाकरीचे तुकडे, कुणाकडं मटण असलं तर हाडकं. ते सगळं परातीत घालून असं काही कालवायच्या की चांगलं कुठलं, वाईट कुठलं, कुत्र्यालाही शोधता येऊ नये. मी एकदा म्हटलं, "अक्का, वेगवेगळं वाढा की, त्या म्हाताऱ्याला पोटभर मिळंल." तर म्हणाल्या, "एकाला बोटी आन् एकाला पानी, असं माझ्यात चालत न्हाय बग. एका ताटात जेवत्यात म्हनून भांडत न्हाईत. तुमी जावाजावा जेवून बगा एका ताटात!" माझ्या दोन्ही जावा तिथंच उभ्या होत्या. मी गुपचूप घरात गेले.

म्हातारा म्हणजे मामा. तपकिरी, एक कान फाटका. बाकीची सगळी तरणी, दोन तर वर्षाच्या आतली. सगळ्यांना नात्याची नावं, कुणी वहिनी, कुणी भाचा. गल्लीत कुणाला चावलेली नाहीत कधी.

आता जे सांगायचं ते सांगते. माझं माहेर करकंबचं. त्या दिवाळीत तिथून परतताना मी लेकीसाठी, शोभासाठी, एक पिल्लू आणलं. एसटीत टोपलीत घालून, मांडीवर घेऊन. पांढऱ्यावर पिवळे ठिपके, म्हणून शोभानं नाव ठेवलं बुंदी. डोळ्यांत जरा चिपडं होती, नाक वाहत होतं. मला वाटलं, गाडीचा वारा लागला, सर्दी झाली. अक्कांनी त्याला उचलून घेतलं, पदरानं नाक पुसलं आणि संध्याकाळी परातीशी मधोमध नेऊन बसवलं. "नवा जावई आलाय, सरका सगळे." त्या दिवशी मोजणी आठवर गेली. अक्का किती हसल्या होत्या!

आठ-दहा दिवस काही नाही. मग वहिनीचं नाक वाहायला लागलं. मग भाच्याला खोकला, जुलाब. कुत्री परातीशी यायची, बसायची, अक्का "तिनंडी" म्हणायच्या आणि ती नुसती बघत राहायची. अक्कांनी हळद-गूळ दिला, ओवा दिला, निखाऱ्यावर धूप घातला. एका कुत्र्याजवळून उठून दुसऱ्याजवळ बसायच्या, त्याच पदरानं याचंही नाक पुसायच्या अन् त्याचंही.

पुढं बुंदीला झटके सुरू झाले. काहीच तोंडात नसताना जबडा चावल्यासारखा हलायचा, तोंडाला फेस यायचा. ते बघून गल्ली बिथरली. समोरचे मास्तर काठी घेऊनच आले.

"अक्का, पिसाळलंय ते. बाजूला व्हा."

"माझ्या मांडीवर हाय. चावायचं तर आदी मला चावंल."

"अहो, लेकरंबाळं आहेत गल्लीत!"

"मग लेकरं घरात घ्या की मास्तर. काठी कशाला घेतलीत?"

मास्तर काठी टेकवून तिथंच उभे राहिले. तेही चुकीचं बोलत नव्हते, मलाही भीती वाटत होतीच. शेवटी टोपलीत पोतं घातलं, त्यावर बुंदीला ठेवलं आणि मी अन् अक्का टांग्यानं सात रस्ता चौकाकडं गेलो. तिथं एक जनावरांचे डॉक्टर बसायचे. सगळा धंदा म्हशी-बैलांचा. कुत्रं घेऊन आलेल्या आम्ही दोघीच.

डॉक्टरांनी चामड्याचे हातमोजे घालून बुंदीला तपासलं. कुणाला चावलं का, अंगावर जखम आहे का, बाकीच्यांना काय होतंय, सगळं विचारलं. मग म्हणाले, "पिसाळलेलं नाही. हा डिस्टेंपर आहे. कुत्र्याचा कुत्र्याला होतो, माणसाला होत नाही."

अक्कांनी हात जोडले. "मग औषध द्या की."

"याला औषध नाही, अक्का. पाणी पाजत राहायचं, डोळे-नाक पुसायचं, वाचलं तर वाचलं. लस आहे, पण ती आजार व्हायच्या आधी टोचायची. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की पहिली, मग पुन्हा पुन्हा, सांगितल्या वेळेला."

"आजार व्हायच्या आदी डाक्टरकडं कोन येतंय हो?"

हात धुता धुता डॉक्टरांनी विचारलं, "कुत्री खातात कशात?"

आणि अक्का ताठ होऊन म्हणाल्या, "एका परातीत की! आठजन. एक बी भांडत न्हाय."

डॉक्टरांनी टॉवेलला हात पुसले. मग त्यांनी अगदी हळू आवाजात सगळं सांगितलं. हा आजार शिंकेतून, खोकल्यातून जातो, नाका-डोळ्यांच्या पाण्यातून जातो. एका भांड्यातून जातो. आपल्या हातातून, पदरातूनसुद्धा जातो. नवं पिल्लू आणलं की पंधरा दिवस वेगळं ठेवायचं. आजारी एकीकडं, धडधाकट एकीकडं. आधी धडधाकटांचं करायचं, मग आजाऱ्यांचं, आणि हात-पाय धुऊन लुगडं बदलल्याशिवाय परत धडधाकटांकडं जायचं नाही. भांडी वेगळी, उकळत्या पाण्यानं धुतलेली. अक्का ऐकत होत्या आणि पदराचं टोक हातात धरून त्याच्याकडं बघत होत्या.

परतताना टांग्यात मी म्हणायला गेले, "अक्का, ते पिल्लू मी आणलं..." त्यांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. "गप बस. परात माझी हुती."

तोवर तिघं धडधाकट होते, मामा आणि दोघं तरणे. डॉक्टर म्हणाले होते, आजार आत शिरला असेल तर लसीनं काही होणार नाही, पण त्यांना टोचून बघू. लस इथं मिळेना, पुण्याहून बर्फात घालून आणायची होती. आमचे हे ट्रकवर होते, चादरींच्या गाठी घेऊन पुण्याला जायचे. डॉक्टरांची चिठ्ठी आणि शेजाऱ्यांचा थर्मास घेऊन ते गेले. अक्कांनी दोन दिवस बिडी वळली नाही. तिघांना तीन ठिकाणी बांधलं, प्रत्येकाला वेगळी करवंटी, दिवसातून किती वेळा लुगडं बदललं त्याला गणती नाही. दोनच लुगडी होती त्यांच्याकडं. ओलंच नेसायच्या.

येताना ट्रकचा टायर फुटला, दुसरा मिळेपर्यंत रस्त्याकडेला उन्हात दिवस गेला. बर्फ कुठं मिळतो म्हणून हे थर्मास छातीशी धरून दोन गावं पायी फिरले. थर्मास दवाखान्यात उघडला तर आत कोमट पाणी. डॉक्टरांनी बाटलीला बोट लावलं आणि खाली ठेवली. "ही आता लस राहिली नाही."

"टोचा तरी," अक्का म्हणाल्या.

"अक्का, उपयोग नाही."

"नसू द्या. टोचा. काय तरी केलं असं हुईल की."

डॉक्टरांनी नाही टोचली. त्यांचं बरोबर होतं. अक्का बराच वेळ तिथल्या पायरीवर बसून राहिल्या.

एकेक करून सगळी गेली. बुंदी अक्कांच्या मांडीवर गेली. शोभा विचारत आली की मी तिला कामाला लावायची. दोघं तरणेही गेले. मामा तेवढा राहिला. म्हाताऱ्या जनावराच्या अंगात कुठून जोर असतो कोण जाणे.

त्यानंतर अक्का पिल्लू दिसलं की दुरूनच विचारायच्या, "सुई टोचली का?" लोक हसायचे. कुणाच्या दारात पाळलेलं कुत्रं व्यालं की जाऊन बसायच्या, टोचायला नेतो असं कबूल करून घ्यायच्या आणि पिलांना बोट न लावता यायच्या. माझ्या घरात आजही पिल्लू आलं तर आधी दवाखाना, मग नाव. नातवंडं म्हणतात, आजी, किती घाई.

पण अक्का म्हटलं की मला ती सुई आठवत नाही. आठवते ती सगळं संपल्यानंतरची पहिली संध्याकाळ. परात त्यांनी घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन खुंटीला टांगली होती. मामापुढं पत्रावळीवर भात ठेवला. मामा बसला. खाईना. गल्लीच्या तोंडाकडं बघत बसला.

"तिनंडी," अक्का म्हणाल्या.

मामानं त्यांच्याकडं पाहिलं आणि पुन्हा गल्लीच्या तोंडाकडं मान वळवली.

"मीच शिकवलं गं त्याला, सगळी आल्याबिगर तोंड घालायचं न्हाय म्हनून," त्या मला म्हणाल्या. "आता इसर म्हनून कसं सांगू?"

मग त्यांनी कात्री घेतली. वाजवायला परात नव्हती, म्हणून उंबऱ्यावर तीनदा वाजवली. लाकडाचा बद्द आवाज आला. मामाचे कान उभे राहिले. अक्कांनी बोट पुढं केलं.

"ओकटी," म्हणाल्या, आणि बोट तसंच राहिलं.