जिन्याची पाळी

फिन्लेच्या आईने त्याला एडिनबरोला धाडलं ते हेरगिरीसाठी. तोंडाने म्हणाली, "दोन दिवस आजोबांकडे राहून ये, बरं वाटेल त्यांना." आणि फोन ठेवता ठेवता पोटातलं ओठावर आलं, "त्यांचं डोकं ठिकाणावर आहे का, तेवढं बघ. इथल्या वृद्धाश्रमात खोली रिकामी झालीय. सोमवारी हो की नाही कळवायचंय. मी विचारलं की अंगावर येतात माझ्या."

आई उत्तरेला इन्व्हरनेसमध्ये, फिन्ले अ‍ॅबर्डीनच्या कॉलेजात आणि आजोबा, म्हणजे वॉटी प्रिंगल, एडिनबरोतल्या एका चार मजली दगडी इमारतीत एकटे. शुक्रवारी दुपारच्या गाडीत फिन्ले मुद्दाम समुद्राच्या बाजूला बसला, पण समुद्राकडे त्याचं लक्षच लागेना. विसाव्या वर्षी दुसऱ्याचं डोकं तपासायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आज वार कोणता, असं विचारायचं? वार तर त्याचाही चुकायचा.

त्यात वॉटी आधीपासूनच तऱ्हेवाईक. उभा जन्म त्याने बिअरच्या कारखान्यात पिंपं लोळवली. कारखाना पाडला, तिथे फ्लॅट उठले, तरी वारा तिकडून आला की हा नाक वर करून म्हणणार, "आज माल्ट शिजत नाहीये वाटतं." वीस वर्षं शिजत नव्हता. हे वेडाचं लक्षण की थट्टा, हे त्याच्या बायकोलाही कधी कळलं नाही, मग नातवाची काय कथा!

"आलास? पाय पूस," वॉटी दारातच म्हणाला. "पुसलेस? परत पूस. आई कशी आहे? अजून सगळ्यांची काळजी वाहते का?"

फिन्लेने मनातल्या मनात 'ठीक' या रकान्यात एक खूण केली. खिमा झकास झाला होता, बटाटे नीट कुस्करलेले होते, गॅस बंद होता. आणखी खुणा. मग जेवण झाल्यावर वॉटीने खिळ्यावरची दोरी लावलेली पुठ्ठ्याची पाटी काढली, समोरच्या दाराच्या मुठीला अडकवली आणि हात झटकत परत आला.

"उद्या गेडिसबाईंची पाळी," तो म्हणाला.

समोरच्या घरातल्या गेडिसबाई जाऊन चार वर्षं झाली होती. तो स्वतः त्यांच्या दफनाला होता.

या इमारतीत ती पाटी दारोदार फिरायची. जिच्या दाराच्या मुठीला लागेल, तिने त्या आठवड्यात जिना धुवायचा. आजीने, इसाने, चाळीस वर्षं धुतला. वॉटीने तेव्हा बादलीला बोट लावलं नाही. 'ते बायकांचं काम,' म्हणायचा आणि ओल्या पायऱ्यांवरून बूट आपटत जायचा. इसा गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यात पाटी त्यांच्या दाराला लागली. लोक सांगतात, वॉटी ती हातात धरून दारातच ढसाढसा रडला आणि मग त्याने बादली भरली. त्यानंतर त्याची पाळी कधी चुकली नाही. पण पाटी लावणारे एकेक करून गेले. आता वरखाली सगळी घरं प्रवाशांना रात्रीच्या भाड्याने देतात आणि दर दोन दिवसांनी चाकांच्या बॅगा खडखडत वर चढतात.

"आजोबा, पण गेडिसबाई तर..."

"तर काय?"

"काही नाही."

सकाळी फिन्लेला जाग आली ती बादलीच्या आवाजाने. आजोबा घसरून पडले की काय, या भीतीने तो तसाच दाराकडे धावला. आजोबा दाराच्या फटीला डोळा लावून मजेत चहा पीत उभे होते.

फिन्लेने दार उघडलं. समोरच्या घरात उतरलेलं पोर्तुगीज जोडपं जिना धूत होतं. ती विजार गुडघ्यापर्यंत दुमडून घासत होती, तो पाणी ओतत होता. फिन्लेला बघून त्याने अदबीने विचारलं, "इथपर्यंतच, की खालच्या दारापर्यंत?"

"खालच्या दारापर्यंत," फिन्ले म्हणाला. आपण असं का म्हणालो, ते त्याला कळलं नाही.

आत येईपर्यंत वॉटीचे खांदे हसून हसून हलत होते. "गेडिसबाई मेली ते मला ठाऊक नाही होय रे? तिच्या दफनानंतरच्या चहाला तीन सॉसेज रोल खाल्लेत मी. बाई मेली, तिचं दार मेलं का? दाराची पाळी आहे."

"आणि ही माणसं निमूटपणे धुतात?"

"घरचा नियम समजतात बिचारे. जर्मन तर कोपरेसुद्धा घासून काढतात. एका मेल्याने तर पाटीच आठवण म्हणून घरी नेली, मग ओट्सच्या खोक्याची दुसरी कापली."

फिन्ले पोट धरून हसला. डोकं ठणठणीत! आईला काय सांगायचं ते तिथेच ठरलं आणि छातीवरचं ओझं उतरलं.

रविवारी गाडीला तासभर होता. वॉटी मघाशी बादली घेऊन गेला होता, म्हणून फिन्ले त्याला बघायला निघाला. वॉटी मधल्या वळणावर बादली घेऊन नुसता उभा होता.

"काय झालं आजोबा?"

"काही नाही. मी खाली चाललोय की वर आलोय, ते बघतोय." त्याने वाकून पायरीला तळहात लावला. "ओली असली की समजायचं, झाला धुऊन. ही कोरडी आहे. म्हणजे धुवायचाय अजून, खाली चाललोय."

"जिना काल धुतला आजोबा. त्या जोडप्याने. आपण बघितलं ना?"

वॉटीने नातवाकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत क्षणभर काहीच नव्हतं आणि मग एकदम सगळं आलं. फिन्ले इतका घाबरला की त्याने आजोबांच्या हातातली बादलीच काढून घेतली.

"आईला सांगणार?"

"ती विचारेल."

"विचारणारच. माझीच पोर आहे ती." वॉटी पायरीवर बसला. "तिच्या त्या जागेत जिना आहे का रे?"

"नाही. सगळं तळमजल्यावर."

"मग मी तिथे करायचं काय?"

फिन्लेने बादली खाली ठेवली. तो शेजारी बसला. पायऱ्या कोरड्या होत्या आणि लख्ख होत्या. वरून एक चाकांची बॅग खडखडत आली, तेव्हा दोघेही अंग चोरून भिंतीला सरकले.

गाडी फोर्थच्या खाडीवरच्या पुलावर आली तेव्हा आईचा फोन वाजला. तो काढायला फिन्लेने पाठपिशवी ओढली तर तिच्या मुठीला पाटी लोंबत होती: 'जिना धुण्याची पाळी तुमची.' पिशवी दाराशीच ठेवलेली होती. आजोबांनी तिला दार समजून पाटी अडकवली, की समजून उमजून? फिन्लेने पाटी उलटून बघितली. मागे नुसता ओट्सचा अर्धा वाडगा छापलेला होता.

"बोल," आई म्हणाली. "हो की नाही?"

"काही चांगलं आहे आई, काही नाही. मला नाही कळलं."

"अरे, मग मी सोमवारी सांगू काय त्यांना?"

"नाही म्हणून सांग. पुढच्या शनिवारी मी परत जातोय. जिन्याची पाळी माझी आहे."

"कुठल्या जिन्याची? तू थोडाच राहतोस तिथे?"

"मी नाही. माझी पिशवी."

"देवा रे," आई म्हणाली, "म्हणजे आता तू पण?"