कुंकवाखालचा दिवा

महादेवप्पा साठीला आलेत आणि एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात अजूनही पहिल्या पाळीला सायकलने जातात. शेअर रिक्षा मिळते, पण त्यांना ती नको असते. उजाडण्याआधीच्या रिकाम्या रस्त्यावर ते कन्नड भजनं म्हणत पायडल मारतात. घरात बोलत नाहीत तेवढं सायकलशी बोलतात, असं त्यांच्या पत्नी गौरम्मा सांगतात.

मागच्या दसऱ्यानंतर एक टेम्पो मागून आला आणि त्यांच्या कोपराला घासून गेला. कातडी सोलली, एवढंच. पण ड्रायव्हर थांबून म्हणाला, काका, तुम्ही दिसलाच नाहीत. महादेवप्पांनी हे घरी जसंच्या तसं सांगितलं, ही त्यांची चूक. गौरम्मांनी निकाल दिला: न दिसणारी सायकल भंगारात घाला.

महादेवप्पांना ते पटेना. दसऱ्याच्या पूजेचा झेंडूचा जाड हार मागच्या मडगार्डवर लटकत होता. एवढं केशरी कुणाला दिसत नाही? तरी नवा दिवा बसवून घ्यावा म्हणून ते नवी पेठेजवळच्या गौसच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेले. सर्व्हिसिंगही राहिलंच होतं.

गौसने चेन डिझेलमध्ये धुतली, छर्रे बदलले, वाकड्या चाकाचा आउट काढून ते सरळ केलं. मग हार बाजूला सारून मडगार्ड नखाने खरवडलं.

"दिवा हाय की मामा. कुंकवाखाली हाय."

लाल रिफ्लेक्टरवर हळदीकुंकवाचा थर वाळून बसला होता, आणि त्यावर हार. अंधारात झेंडू काळाच, असं गौसचं म्हणणं. पूजा गौरम्मांनी केली होती. हार सुकून आपोआप गळेपर्यंत काढायचा नाही, हा नियमही त्यांचाच.

"हे तुझ्या मामीला तूच सांग," महादेवप्पा म्हणाले.

"मला दुकान चालवायचंय की."

दुसऱ्या दिवशी पहाटे महादेवप्पांनी हार वर सारून, रिफ्लेक्टर पुसून सायकल गल्लीच्या टोकाला पाठमोरी लावली. गौरम्मांना शेजारच्या मंजुनाथच्या रिक्षात बसवलं आणि त्याला हेडलाइट लावायला सांगितला. टोकाला लाल ठिपका पेटला.

"एवढा चांगला दिवा झाकला कुणी?" गौरम्मांनी विचारलं.

मंजुनाथ आरशात बघत हसू दाबत होता. गौरम्मा उतरून सायकलपाशी गेल्या. रिफ्लेक्टरच्या कडेला थोडी हळद राहिली होती. ती त्यांनी पदराने पुसली.

"जावा," त्या म्हणाल्या. "आता बी न्हाय दिसलं, तर टेम्पोवाल्याला म्हणावं चष्मा लाव."

यंदा दसऱ्याला हार हँडलला बांधला गेला, कुंकू घंटीला लागलं. घंटी वाजवली की महादेवप्पांचा अंगठा लाल होतो. ते ती जरा जास्तच वाजवतात.