अभिमन्यूचा सर्व्हर

मल्लेश्वरमच्या एका आडगल्लीत भगवंतरावांचं घर होतं. त्यांचे वाडवडील कधीकाळी फौजेबरोबर या मुलखात आले आणि इथल्या मातीचेच झाले. घरात मराठी, दारात कन्नड, आणि राग आला की दोन्ही. भगवंतरावांनी सगळा जन्म पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीत लेथवर काढला. लोखंड हातात आलं की त्याचा स्वभाव कळतो, असं ते म्हणत, आणि ते खरंही होतं.

त्यांना एकच मुलगा, अभिमन्यू. त्याला लोखंडापेक्षा कॉम्प्युटरचा नाद. पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर मांडून तो लग्नपत्रिका, हँडबिलं जुळवून द्यायचा. मधल्या खोलीत त्यानं तिसरं एक यंत्र स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं. बाजारातून एकेक भाग आणला, आणि बाहेरचा पत्र्याचा डबा मात्र बापाकडून वाकवून घेतला. सगळं काम त्या डब्यात साठायचं आणि पुढच्या दोघांनी मागितलं की तो द्यायचा.

"याला सर्व्हर म्हणतात, अण्णा."

"म्हणजे पंगतीतला वाढपी म्हण की!" भगवंतराव म्हणाले, आणि आतून गोजराबाई हसल्या.

हा वाढपी कधी बसत नसे. करंट गेला तरी तो चालावा म्हणून अभिमन्यूनं मागच्या पडवीत लॉरीच्या दोन बॅटऱ्या जोडल्या होत्या. अख्खी गल्ली अंधारात बुडाली तरी मधल्या खोलीत एक हिरवा ठिपका जागा असायचा.

मग एका सकाळी तुमकूर रोडवर लॉरीनं अभिमन्यूच्या स्कूटरला उडवलं. घरी आणायला काही उरलं नाही, तो थेट घाटावरच गेला.

पुढचे दोन कॉम्प्युटर विकले. पत्रिकांची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. मधल्या खोलीतलं यंत्र मात्र राहिलं, कारण त्यात अभिमन्यूचा आवाज होता. नवा माइक आणला तेव्हा, तो चालतो का बघायला, त्यानं स्वयंपाकघरात आईला न सांगता तिचं नि आपलं बोलणं भरून घेतलं होतं. रोज दिवेलागणीला गोजराबाई देवापुढं निरांजन लावत आणि मधल्या खोलीत येऊन बसत. भगवंतराव एका बोटानं ते बोलणं लावत.

"आई, हुळी स्वल्प पातळ झालीय की."

"पातळ झाली तर दोनदा वाढून घे. आमटीला नावं ठेवतोस, बायको आली की बघते."

"तिला तर पाणीच उकळता येणार, बघ!"

आणि तो हसायचा. त्या हसण्यापाशी गोजराबाई डोळे मिटत. एवढंच. परत लावा, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. त्या उठून भात टाकत, आणि मग त्या घरात रात्र होई.

नव्व्याण्णव साली त्या यंत्रातून खरखर यायला लागली. अजित म्हणून अभिमन्यूचा एक मित्र होता, पुण्याहून नोकरीला आलेला. तो रविवारी चक्कर टाकायचा. त्यानं कान लावून ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काका, हार्डडिस्क जाणार ही. रेडीमेड सर्व्हर घ्या. आता छोटे मिळतात, घरात ठेवण्यासारखे. आत दोन डिस्क असतात, एक गेली तरी दुसरीत सगळं शाबूत. आणला की लगेच यातलं त्यात उतरवून देतो."

"रेडीमेड?" भगवंतराव म्हणाले. "कुणाच्या हातचा?"

"कुणाच्या म्हणजे? कंपनीचा, काका."

"कंपनीला हात असतात होय?"

भगवंतरावांचा जीव त्या डब्यात होता. त्याचे कोपरे त्यांनी कानशीनं घासले होते, त्याचे स्क्रू पोरानं आवळले होते. तो काढून तिथं परका डबा ठेवायचा म्हणजे पोराला दुसऱ्यांदा घराबाहेर काढण्यासारखं होतं. ते म्हणाले, बघू. बघू म्हणता म्हणता महिने गेले.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी अभिमन्यूचं हसणं मध्येच अडकलं. खरखर झाली, आणि पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ गेला. तेवढ्यात गोजराबाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"हो, आणा तो रेडीमेड," त्या म्हणाल्या. "डबा कुणाचाही असू दे. आवाज त्याचा राहू दे."

भगवंतरावांनी मान डोलावली. रविवारी अजित आला, तो म्हणाला, उद्याच आणतो. पण पितृपक्ष लागला होता.

"पितरांच्या दिवसांत नवी वस्तू उंबऱ्यात आणतात का रे? दसऱ्याला आण. चांगला दिवस आहे."

"सरी, काका," अजित म्हणाला. 'बरं'साठीचा हा कन्नड शब्द तेवढा त्याला सफाईनं येत होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा. त्या दिवशी पीण्यातलं प्रत्येक मशीन बंद असतं. धुऊन पुसून, तेल घालून, हळदकुंकू लावून त्याला निजू देतात आणि दुसऱ्या दिवशी नमस्कार करून चालू करतात. भगवंतरावांनी कधी हे चुकवलं नव्हतं. फक्त अभिमन्यूच्या यंत्राला तो विसावा मिळाला नव्हता. "हे बंद करायचं नसतं, अण्णा," म्हणत तो चालत्या यंत्रालाच कुंकू लावायचा, आणि बापलेकांची वादावादी व्हायची.

भगवंतरावांच्या मनात आलं, उद्या नवं येणार. म्हणजे याची ही शेवटचीच पूजा. पोरानं नाही, तर आपण तरी याला एक दिवस द्यावा.

"आज याला विसावा देऊ?" त्यांनी विचारलं.

"द्या," गोजराबाई म्हणाल्या. "दमलंय ते."

भगवंतरावांनी बटण दाबलं. हिरवा ठिपका विझला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते घर निःशब्द झालं. गोजराबाईंनी डब्याला हळदकुंकू वाहिलं, शेवंतीची माळ घातली. दारात कोहळा फोडला. दोघांनी हात जोडले.

सकाळी अंघोळ करून भगवंतरावांनी बटण दाबलं. आत टक, टक, टक असा आवाज झाला. मग काहीच नाही. पुन्हा दाबलं. टक, टक. पुन्हा.

अजित नवा सर्व्हर घेऊन आला तेव्हा दोघं त्या माळ घातलेल्या डब्यासमोर बसले होते.

"बंद केलं होतं?" त्यानं विचारलं, आणि कुणी बोलायच्या आत त्याला समजलं. त्यानं डबा उघडला, वायरी बदलल्या, डिस्क हातात घेऊन हलके हलवून पाहिली. शेवटी ती मांडीवर ठेवून तो खाली बघत बसला.

"फिरत होती म्हणून फिरत होती, काका. थांबली आणि आत चिकटली."

"चिकटलेलं सोडवता येतं रे. आयुष्यभर तेच केलंय मी. दे इकडे."

"हे नाही येत, काका. उघडली की धुळीचा एक कण पुरे. मीच सांगायला हवं होतं. कुणी बंद करेल असं मला वाटलंच नाही."

भगवंतराव स्वतःच्या बोटाकडे बघत राहिले. ज्या बोटानं ते रोज तो आवाज लावत, तेच हे बोट.

अजित चाचरत म्हणाला, "काकू, तुम्हाला आठवतं तेवढं सांगा. मी लिहून यात ठेवतो."

"सगळं पाठ आहे मला," गोजराबाई म्हणाल्या. "हुळी पातळ झालीय की. पाणीच उकळता येणार. शब्द मला हवेच होते कुठं?"

"हा परत नेऊ का मग?"

भगवंतराव जुन्या डब्याचं झाकण परत बसवू लागले. नाइलाजानं, काहीतरी करायचं म्हणून, अजितनं नव्या सर्व्हरची वायर लावली. तो इतका हळू चालत होता की चालू आहे हेही कळेना. गोजराबाई उठल्या, वाकल्या आणि त्यांनी त्या गुळगुळीत डब्यावर कान टेकला.

"काय ऐकू येतं?" भगवंतरावांनी विचारलं.

"वारा," त्या म्हणाल्या. "नुसता वारा."

अजितचा हात बटणाकडे गेला.

"नको!" दोघं एकदम म्हणाले.

त्यानं हात मागे घेतला. त्या दिवसापासून आत काहीही नसलेलं ते यंत्र त्या घरात अहोरात्र चालू राहिलं.