पाच सीटांचा विमा

दोन हजार सालानंतर कधीतरी आमच्या पेठेत एकानं स्वतः चालवायच्या गाड्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. तोवर लग्नकार्याला वडापची, म्हणजे माणसं भरून गावोगाव धावणारी जीप ठरवायची. तिच्यात किती माणसं बसली हे मोजायची पद्धत आमच्याकडं नव्हतीच. "सरका की जरा" म्हटलं की जागा व्हायची.

चुलतबहिणीचं लग्न रत्नागिरीला होतं. ती तान्ही असतानाच तिची आई गेली आणि तिला वाढवलं माझ्या आत्यानं. आत्या आमच्याकडंच राहायची. नवरा लवकर वारलेला, मूलबाळ नाही. गुडघ्यांमुळं तिला एस.टी.ची पायरी चढवत नव्हती, म्हणून तर मी गाडी ठरवली. आई, वडील, बायको, आत्या आणि मी. आमची लहान मुलगी कुणाच्या तरी मांडीवर बसेल, हे कुणी बोलूनही दाखवलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी गाडीवाला दारात आला. वडिलांना म्हणाला, "गाडीचा विमा हायच. माणसांचा येगळा घ्याय लागतोय. पर पावणं, सीटा पाच, माणसं पाच. मांडीवरचं लेकरू बी धरत्यात. सहावं माणूस निघालं, तर कंपनी कुणालाच काय देत न्हाई."

"मग माणसांचा नकोच," मी म्हणालो. कंपनीच्या असल्या शहाणपणाचा मला आजही संताप येतो.

वडील ऐकेनात. आदल्या वर्षी आमच्याच गल्लीतल्यांची जीप घाटात कोसळली होती. माणसं जास्त भरली म्हणून विमा नाकारला, आणि समोरच्या घरातली बाई तेव्हापासून पिशव्या शिवून पोरं सांभाळत होती. "इमा घेतल्याबिगर मी नातीला घाटातनं न्हेणार न्हाई," वडील म्हणाले. त्यांचं काही चुकत नव्हतं, म्हणून भांडताही येईना.

बायको म्हणाली, "आम्ही दोघी एस.टी.नं येतो की."

आत्यानं तिला गप्प केलं. "लेकराला घिऊन यष्टीत कुठं लोंबकळतीस? मी ऱ्हातो घरात. न्हाईतरी रांडमुंड बाईला मांडवात कोण फुडं बोलीवतंय?"

हे तिनं भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगावं तसं सांगितलं. मला तिथं उभं राहवेना.

गाडीवाला मात्र घाईत होता. "वारस म्हणून कुणाचं नाव लावू? गाडीत नसलेलं माणूस बगा."

आम्ही सगळे आत्याकडं बघायला लागलो. माहेरी नाही, सासरी नाही, आजवर तिच्या नावावर कुणी काही केलं नव्हतं. आता आम्ही पाचही जण घाटात संपलो, तर सगळं तिचं होणार होतं.

वडील खाली बघत म्हणाले, "अक्काचं लावा."

"लावा की," आत्या म्हणाली. पोरीच्या रुखवतासाठी महिनाभर वळलेल्या शेवयांचा डबा तिनं माझ्या बायकोच्या हातात दिला. "पर तुमी समदी गेल्यावर मी त्या पैशानं कुणाच्या लग्नाला जाऊ?"

वडिलांनी सही केली.